कॉलेजात धंदा शिकवून पोरं खरंच धंदा करतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उद्योजकता शिकवतो. मेलवर, वर्ग सुटल्यावर दारात, पालकांच्या फोनवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. सोपे आधी, किचकट शेवटी. हवा तो प्रश्न काढून वाचा, एकटं उत्तर वाचलं तरी कळेल, आणि जिथे दुसरीकडे सविस्तर लिहिलंय तिथे नंबर दिलाय.

१. स्वयंरोजगार, बिझनेस, स्टार्टअप, उद्योजकता हे सगळं एकच ना?

नाही, पण एकमेकांत घुसलेलं आहे. स्वयंरोजगार म्हणजे पगार देणारं कोणी नाही, कामातून जे सुटेल ती तुमची कमाई. यात घरी बसून एकटी डिझाइनची कामं करणारी मुलगी पण आली आणि चार माणसं कामाला ठेवणारा पण आला, रोजगाराची आकडेवारी काढणारे मात्र या दोघांना वेगळं मोजतात. स्टार्टअप म्हणजे ज्याचं गणित बसतं का हेच अजून शोधायचंय आणि बसलं तर झपाट्याने वाढवायचंय असा धंदा. उद्योजकता त्याहून पसरट, संधी दिसणं, माणसं-साधनं जमवणं आणि जोखीम घेऊन करून बघणं, हे नोकरीत राहूनही होतं.

एवढं लांबण लावायचं कारण म्हणजे सर्वेत "तुम्हाला उद्योजक व्हायचंय का?" असं विचारलं की एकाच्या डोळ्यासमोर सुट्टीतली फोटोग्राफीची कामं असतात आणि दुसऱ्याच्या डोळ्यासमोर गुंतवणूकदारांची मीटिंग, आणि टिक मात्र दोघं एकाच चौकटीत करतात.

२. या कोर्समध्ये नक्की शिकवतात काय?

कोण शिकवतंय त्यावर आहे. काही कोर्स उद्योजकतेबद्दल असतात, म्हणजे थिअरी, केस स्टडी, पेपर. काही उद्योजक होण्यासाठी असतात, म्हणजे हिशेब, मार्केटिंग, कायदा, भांडवल कसं उभं करायचं. आणि काहींमध्ये सेमिस्टरभर खरोखर काहीतरी विकायला लावतात. नाव तिन्हींचं एकच, त्यामुळे "कोर्सचा उपयोग होतो का?" याला एका शब्दात उत्तर नाही.

असा पहिला कोर्स म्हणून हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये माइल्स मेस यांनी १९४७ मध्ये घेतलेला वर्ग सांगतात, १८८ विद्यार्थी होते. युरोपियन कमिशनने २०१६ मध्ये उद्योजकाला काय काय यायला हवं याचा एक आराखडा काढला त्यात १५ क्षमता आहेत आणि त्यात पैशाची समज आहे तशी अनिश्चिततेत काम करणं, इतरांना बरोबर घेणं हेही आहे.

टोगोमध्ये १५०० छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला, निकाल २०१७ मध्ये आले. हे विद्यार्थी नव्हते हे लक्षात ठेवा. एका गटाला नेहमीचं हिशेब-मार्केटिंगचं ट्रेनिंग, एका गटाला स्वतःहून पुढाकार घेणं, अडचण आल्यावर चिकटून राहणं याचं ट्रेनिंग, आणि तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकारवाल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला, नेहमीच्या ट्रेनिंगवाल्यांचा ११ टक्के, आणि हे ११ टक्के संख्याशास्त्राच्या दृष्टीने पक्के धरण्यासारखे नव्हते. हे वाचल्यापासून मी माझ्या कोर्समधली बॅलन्स शीटची दोन लेक्चर्स कमी केली.

३. पण हे रक्तातच लागतं ना? शिकवून येतं का?

स्वीडनमधल्या दत्तक मुलांवरचा एक अभ्यास आहे (२०१५), त्यात जन्मदाते आणि सांभाळणारे अशा दोन्ही आईवडिलांची माहिती होती. आईवडील उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांनी वाढते हे दिसलंच, पण जन्मानंतरच्या गोष्टींचा, म्हणजे ज्या घरात वाढलात त्याचा वाटा जन्माआधीच्या गोष्टींच्या दुप्पट निघाला. म्हणजे रक्ताचा भाग आहे, पण बघून-बघून अंगात येण्याचा भाग मोठा आहे. आता घरात वीस वर्षं जे बघितलं जातं ते एका सेमिस्टरमध्ये भरून निघेल असं कोणी म्हणत असेल तर ती जाहिरात आहे.

४. कोर्स केला की धंदा करायची इच्छा वाढते का?

थोडी. आणि तीही कदाचित कोर्समुळे नाही.

२०१४ मध्ये ७३ अभ्यास एकत्र करून, एकूण ३७,२८५ जणांचा डेटा घेऊन हिशेब मांडला गेला. कोर्स आणि इच्छा यांच्यातला संबंध निघाला ०.१४३ (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण), म्हणजे आहे पण बारीक. मजा पुढे आहे. ज्या अभ्यासांत कोर्सच्या आधी किती इच्छा होती हेही धरलं होतं तिथे हा संबंध जवळपास गायब झाला. उघड आहे, ज्यांना आधीच धंद्याचं वेड असतं तेच हा विषय घेतात, आणि शेवटी त्यांनाच विचारून कोर्सचं यश जाहीर होतं.

उलट उदाहरणंही आहेत. लंडन आणि फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांवरच्या २००७ च्या अभ्यासात इच्छा वाढलेली दिसली, आणि ती कशाने वाढली बघितलं तर माहितीने नाही, साधनांनी नाही, "हे आपणही करू शकतो" असं आतून वाटायला लावणाऱ्या प्रसंगांनी, कधी शिक्षकामुळे, कधी पाहुण्यामुळे, कधी वर्गातल्याच कोणामुळे.

५. माझं उलटं झालं. कोर्सआधी पक्कं ठरवलं होतं, आता नको वाटतंय. माझ्यात काही कमी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि पोरं तो चोरी केल्यासारखा विचारतात. काही कमी नाही.

नेदरलँड्समध्ये एका कॉलेजच्या दोन कॅम्पसची तुलना झाली होती (२०१०). एकीकडे विद्यार्थ्यांनी वर्षभर छोटी कंपनी चालवायची, शेअर विकायचे, वस्तू विकायची, शेवटी बंद करायची, आणि दुसरीकडे हा कोर्सच नव्हता. जिथे होता तिथे उद्योजक व्हायची इच्छा कमी झाली आणि स्वतःच मोजलेल्या कौशल्यांवर दिसण्यासारखा फरक पडला नाही. त्याच वर्षी म्युनिकच्या विद्यापीठातल्या सक्तीच्या कोर्सचा अभ्यास आला, तिथेही सरासरी इच्छा थोडी घसरली, पण आपल्याला काय येतं याबद्दलचं विद्यार्थ्यांचं स्वतःचं मत सुधारलं होतं. अभ्यासकांनी मांडलं ते असं की कोर्समधून मुलांना स्वतःबद्दल माहिती मिळते, काहींचं "हो" पक्कं होतं, काहींचं "नाही" पक्कं होतं, आणि कुंपणावरचे कमी होतात.

माझं मत विचाराल तर यालाच कोर्स चालला म्हणतात. चार महिन्यांत, स्वतःचे पैसे न घालता, हे आपलं काम नाही हे कळलं तर ते स्वस्तात सुटणं आहे. फक्त एक तपासा, तुम्हाला नको काय झालंय? धंदा नको झालाय, का ती ग्रुप असाइनमेंट, ज्यात तिघं गायब आणि प्रेझेंटेशन तुमच्या गळ्यात? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि थकल्यावर त्या एकच वाटतात.

६. इच्छा नेमकी ठरते कशावर?

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मॉडेल मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांचं, १९९१ चं. तीन गोष्टी: मला हे करणं आवडेल का, माझी माणसं काय म्हणतील, आणि मला हे जमेल असं वाटतं का. त्याआधी १९८२ मध्ये शापेरो आणि सोकोल यांनी साधारण हेच वेगळ्या अंगाने मांडलं, हवंसं वाटणं आणि शक्य वाटणं, आणि त्यात अजून एक भर की माणसाच्या आयुष्यात काहीतरी धक्का बसतो, नोकरी जाते, गाव बदलतं, शिक्षण संपतं, आणि मग तो हलतो. शिक्षण संपणं हा असा धक्काच आहे, म्हणून सगळे विद्यार्थ्यांवर अभ्यास करत बसतात (शिवाय विद्यार्थी वर्गात आयते सापडतात, हेही खरं कारण आहे).

७. सर्वेत एवढी मुलं हो म्हणतात, मग पास होऊन सगळी नोकरीच का धरतात?

त्यातली बरीच मुलं "लगेच" म्हणतच नाहीत. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन विद्यापीठात सुरू झालेला विद्यार्थ्यांचा एक जागतिक सर्वे आहे, त्याच्या २०१८ च्या फेरीत ५४ देशांतले दोन लाखांवर विद्यार्थी होते. शिक्षण संपल्या संपल्या उद्योजक व्हायचंय म्हणणारे ९ टक्के, पाच वर्षांनी व्हायचंय म्हणणारे ३४.७ टक्के. म्हणजे आधी नोकरी, थोडे पैसे, थोड्या ओळखी, मग बघू असा हिशेब मुलांनी स्वतःच केलेला असतो आणि तो काही वेडा नाही (१२ बघा).

दुसरं, इच्छा आणि कृती यात दरी असतेच. ऑस्ट्रिया आणि फिनलंडमध्ये प्रौढ लोकांचा पाठपुरावा केला होता (२०१५), आयझेन यांचं मॉडेल (६ बघा) माणसामाणसांच्या इच्छेतला ५९ टक्के फरक समजावून देतं पण पुढच्या वागण्यातला ३१ टक्केच. म्हणून मी वर्गात "करणार का?" विचारायचं सोडून दिलंय. "या आठवड्यात त्यासाठी काय केलं?" एवढंच विचारतो. पहिल्या प्रश्नाला सगळे हात वर होतात, दुसऱ्याला बाक बघायला लागतात.

८. मला जमेल असं वाटतच नाही. कॉन्फिडन्स कुठून आणू?

भाषणं ऐकून नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये "हे मला जमेल" या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः केलेलं आणि जमलेलं, आपल्यासारख्या कोणाला जमताना बघणं, लोकांनी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात पहिला सगळ्यात दणकट. म्हणून छोटं काहीतरी, एका माणसाला, पैसे घेऊन विका. फुकट दिलेलं धरायचं नाही, कारण फुकट कोणीही घेतं आणि छान म्हणतं.

मुलींबद्दल वेगळं विचारलं जातं. अमेरिकेतल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांवर २००७ मध्ये आलेल्या अभ्यासात कोर्सचा या विश्वासावरचा परिणाम मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त दिसला. माझ्या वर्गात मुली "मला अजून नीट येत नाही" म्हणतात आणि काम चोख आणतात, मुलं उलट.

९. घरचे नाही म्हणतात. काय करू?

घरच्यांचा आक्षेप बहुतेक वेळा धंद्याला नसतो, धुक्याला असतो. "मला स्टार्टअप करायचाय" हे वाक्य त्यांना काहीच सांगत नाही. किती महिने, किती पैसे, यापेक्षा जास्त गेले तर थांबणार, आणि तोवर दुसरा मार्ग कोणता उघडा ठेवलाय, एवढं कागदावर नेलंत तर चर्चा वेगळी होते. सारस सरस्वती यांनी २००१ पासून अनुभवी उद्योजक कसा विचार करतात यावर जे लिहिलंय त्यात हा मुद्दा मध्यवर्ती आहे, किती मिळेल याचा अंदाज बांधण्याऐवजी किती गेलं तर परवडेल हे आधी ठरवायचं. घरच्यांनाही नेमकं हेच ऐकायचं असतं.

१०. चाळीस पानी बिझनेस प्लॅन लिहायला लावतात. त्याचा उपयोग आहे का?

लिहिता लिहिता विचार होतो एवढा आहे. त्यापलीकडे जपून.

ट्युनिशियात २००९-१० पासून पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रबंधाऐवजी बिझनेस प्लॅन लिहायची सोय केली, सोबत ट्रेनिंग आणि कोचिंग, आणि अर्ज केलेल्यांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड, त्यामुळे तुलना चोख. वर्षभराने स्वयंरोजगारात किंचित वाढ दिसली, एकूण रोजगारात फरक नाही, आणि चार वर्षांनी परत बघितलं तेव्हा ती वाढही उरली नव्हती.

उलट इटलीत ११६ नवख्या स्टार्टअपवर एक प्रयोग झाला (निकाल २०२०). दोन्ही गटांना ट्रेनिंग सारखंच, फक्त एका गटाला आपली आयडिया हे गृहीतक समजून शास्त्रज्ञासारखी तपासायला शिकवलं. या गटाने आयडिया जास्त वेळा बदलली आणि कमाईही जास्त केली.

वर्गात हे कसं दिसतं ते सांगतो. एक मुलगा सेकंडहँड पुस्तकांच्या अ‍ॅपचा प्लॅन घेऊन आला, पाच वर्षांच्या विक्रीचं एक्सेल, ग्राफ वरवर जाणारा. विचारलं, किती जणांशी बोललास? चाळीस, सगळ्यांना आवडलं म्हणाला. प्रश्न काय विचारला होता? "असं अ‍ॅप असेल तर वापराल का?" आता याला नाही कोण म्हणणार. त्याला परत पाठवला, प्रश्न बदलून: मागच्या सेमिस्टरला पुस्तकं कुठून घेतली, किती वेळ गेला, जुन्यांचं काय केलं? परत आला तो तोंड पाडून, कारण बहुतेकांनी पुस्तकं घेतलीच नव्हती, पीडीएफवर भागवलं होतं. पण त्यातल्या काहींनी न विचारता सांगितलं होतं की प्रॅक्टिकलचं साहित्य एका सेमिस्टरपुरतं लागतं आणि मग पडून राहतं. ते भाड्याने देणं हा त्याचा पुढचा प्रयत्न. एक्सेल त्याने मग उघडलं नाही.

११. मी कॉमर्सचा नाही. घेऊ का हा विषय?

घ्या. विकण्यासारखं काहीतरी बनवता येणं हे हिशेब येण्यापेक्षा दुर्मिळ आहे, आणि हिशेब शिकता येतो किंवा येणारा माणूस सोबत घेता येतो.

१२. डिग्री सोडून पूर्णवेळ उतरू का? मोठमोठ्या फाउंडरनी सोडलीच होती.

सोडून बुडलेल्यांच्या मुलाखती होत नाहीत म्हणून तसं वाटतं. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदींवरून २०२० मध्ये छापून आलेला अभ्यास सांगतो की निदान एक माणूस कामाला ठेवणाऱ्या कंपन्यांच्या फाउंडरचं सुरुवातीचं सरासरी वय ४१.९ होतं, आणि सगळ्यात वेगाने वाढलेल्या हजारात एका कंपनीच्या फाउंडरचं ४५. त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यशाची शक्यताही जास्त होती.

शिवाय मधला रस्ता आहे. नोकरी सांभाळून धंदा चालू केला आणि नंतर पूर्णवेळ झाले त्यांच्यात धंदा सोडण्याचा धोका थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी आढळला (२०१४, अमेरिका). विद्यार्थ्याला डिग्री हीच ती नोकरी समजा. अपवाद एकच मानतो, पैसे देणारी गिऱ्हाईकं दारात उभी आहेत आणि कॉलेज गॅप देतंय. तेव्हाही आधी गॅप घ्या, कॉलेजातून नाव काढून टाकू नका.

१३. नोकरीपेक्षा पैसे जास्त मिळतात का?

मधोमधच्या माणसाला नाही. अमेरिकेच्या डेटावरचा २०००चा गाजलेला अभ्यास आहे, दहा वर्षं धंद्यात राहिलेल्याची मध्यक कमाई त्याला नोकरीत मिळाली असती त्यापेक्षा ३५ टक्के कमी. थोडे लोक खूप कमावतात आणि आपल्याला तेच दिसतात. तरी स्वयंरोजगारातली माणसं कामाबद्दल जास्त समाधानी असतात असं अनेक देशांत दिसलंय, मुख्य कारण आपलं आपण ठरवता येतं हे. म्हणजे स्वातंत्र्याची किंमत कमाईतून जाते, ती तुम्हाला परवडते का ते बघा.

१४. नोकरी मिळत नाहीये म्हणून धंदा करायचा विचार आहे. चालेल?

चालेल, लाज काही नाही, पण मनाशी स्पष्ट राहा. अशा वेळी लगेच पैसे देणारं, कमी भांडवलाचं, आधीच येणाऱ्या कौशल्याचं काम निवडा आणि चांगली नोकरी आली तर घेणार की नाही हे आधीच ठरवून ठेवा. आणि कॉलेजांना माझं म्हणणं असं की प्लेसमेंट कमी झाल्या म्हणून घाईने "उद्योजक बना" चे वर्कशॉप लावणं म्हणजे आपलं ओझं पोरांच्या खांद्यावर टाकणं आहे.

१५. एकाच कंपनीचं फ्रीलान्स काम करतो, वेळा पण तेच ठरवतात. हा स्वयंरोजगार धरायचा का?

कागदावर हो, खऱ्यात अर्धा. तुमचा दर, वेळ आणि पद्धत दुसरा ठरवत असेल आणि तो गेला की कमाई शून्य होत असेल तर जोखीम तुमची आणि हुकूम त्याचा, म्हणजे दोन्हीकडचं वाईट तेवढं तुमच्याकडे. बऱ्याच देशांच्या कायद्यात अशा माणसाला कामगार धरायचं का याचे वेगळे निकष आहेत, ते बघून घ्या. दुसरं गिऱ्हाईक मिळालं की चित्र बदलतं.

१६. ग्रुप प्रोजेक्टमधली आयडिया एकटीने पुढे नेली तर चालेल का?

तीन कागद बघावे लागतील. विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण (लॅब, उपकरणं, फंडिंग वापरलं असेल तर हक्क तिथे अडकू शकतो). ग्रुपमध्ये काही लिहून ठेवलंय का. आणि कोड, डिझाइन कोणी बनवलं, कारण नुसत्या आयडियावर हक्क सांगणं अवघड असतं पण तयार केलेल्या गोष्टीवर असतो. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात अर्ध्या पानावर लिहून घेतो, कोण काय करणार आणि सेमिस्टरनंतर कोणाला काय न्यायची मुभा. पोरं हसतात. सेमिस्टर संपताना काहींचं हसू गेलेलं असतं.

१७. वर्गात अनुभवी उद्योजक असले की बाकीच्यांना प्रेरणा मिळते ना?

उलटही होतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थी तुकड्यांत विखरून टाकले जातात. ज्या तुकड्यांत आधी धंदा करून आलेले जास्त, तिथले बाकीचे विद्यार्थी पुढे कमी प्रमाणात धंद्यात पडले (२०१३ चा अभ्यास). पण कमी झाले ते मुख्यतः पुढे फसले असते असे धंदे, यशस्वी झालेले घटले नाहीत. म्हणजे ज्याने स्वतः केलंय तो मित्राला वेळीच सांगतो की यात दम नाही. पाहुणे बोलवताना हे लक्षात ठेवा, फक्त जिंकलेले बोलावलेत तर हा उपयोग होत नाही.

१८. मी शिक्षिका आहे. कोर्स चालला हे मोजू कसं? आणि सगळ्यांना सक्तीचा करावा का?

शेवटच्या दिवशीचा फीडबॅक फॉर्म मोजमाप नाही. आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारा, जमलं तर हा विषय न घेतलेल्या पण तशाच एका वर्गालाही विचारा, नाहीतर ४ मध्ये सांगितलेला घोळ होतो. सरासरी बघून थांबू नका, किती जणांचं उत्तर "माहीत नाही" वरून हो किंवा नाही कडे सरकलं ते बघा (५ बघा). आणि दोन-तीन वर्षांनी फोन करा, कंटाळवाणं आहे पण खरी उत्तरं तिथेच मिळतात.

सक्तीचं म्हणाल तर छोटा, एक-दोन क्रेडिटचा, काहीतरी विकून बघायला लावणारा भाग सगळ्यांना असू द्या, कारण ज्याच्या घरी कोणीच धंदा केलेला नाही तो ऐच्छिक विषय कधी निवडत नाही. पुढचा, खोल, वेळखाऊ भाग ऐच्छिक. त्या सक्तीच्या भागात मार्क नफ्यावर देऊ नका, नाहीतर मामा-काका गिऱ्हाईक होतात.